लालीबाईनं शिकवलेली बोली

लालीबाई नात्यानं माझी चुलती. मुकुटबनपासून तीन मैलांवर आमचा तांडा आहे, पस्तीसेक घरांचा. आमचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आगगाडी आली, तो धंदा बसला, आणि बैल नांगराला जुंपले गेले. लालीबाई लग्न होऊन आली तेव्हा घरात थोडी कोरडवाहू जमीन आणि चार म्हशी होत्या. तिचा नवरा गुलाबसिंग शेत बघायचा, आणि तूप विकायचं काम सासूनं, रुपीबाईनं, नव्या सुनेच्या डोक्यावर दिलं.

तिला तेव्हा आमची बंजाऱ्यांची गोरमाटी बोली सोडून दुसरं काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी मुकुटबनच्या एका बाईनं तिच्याकडून पाच वेळा तेच तेच वदवून घेतलं आणि हसायला शेजारणी बोलावल्या. घरी येऊन ती सासूला म्हणाली, मी पुन्हा जाणार नाही. रुपीबाईनं विचारलं, "तूप घेतलं का त्यांनी?" घेतलं होतं. "मग उद्याही जा," रुपीबाई म्हणाली.

ती गेली. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं एक रीत ठेवली. दाराशी जायचं नाही. आधी कुंपणाबाहेर डोकं खाली करून उभं राहायचं आणि आतल्या बायका एकमेकींशी काय आणि कसं बोलतात ते ऐकायचं. मग त्याच चालीवर हाक द्यायची. आतली बाई आवाज ऐकून ओळखीची कोणी समजून बाहेर येई, आणि समोर फेटिया-कांचळी, म्हणजे तांड्याचा आरसे लावलेला घागरा-चोळी, घातलेली बाई बघून चकित होई. तोवर बोलणं सुरू झालेलं असे. दोन वर्षांत लालीबाईला कुणब्याच्या घरची वऱ्हाडी, तेल्याच्या घरची वऱ्हाडी, मुसलमान मोहल्ल्यातलं हिंदी आणि शाळामास्तरच्या घरातलं पुस्तकी मराठी, सगळं यायला लागलं. एका घरची चाल ती दुसऱ्या घरी कधी नेत नसे.

आम्हा तांड्यातल्या पोरांना शाळेत घालायच्या आधी तिनंच घडवलं. शेण थापता थापता ती मास्तर व्हायची आणि आम्ही विद्यार्थी. "मास्तर विचारतील, काहून उशीर झाला? तू काय सांगशील?" आम्ही चुकलो की शेणाचा हात दाखवायची. मी पहिलीत गेलो तेव्हा वर्गात माझ्यावर कोणी हसलं नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याच्यावर हसलं गेलंय त्यालाच कळेल.

पुढं मी वणीला मॅट्रिक झालो, नागपूरला रेडिओचा अभ्यासक्रम केला आणि पुण्यातल्या एका चित्रपट-स्टुडिओत ध्वनिमुद्रक विठ्ठलरावांच्या हाताखाली लागलो. माझ्या हातात वायरी आणि कानावर हेडफोन. १९६१च्या हिवाळ्यात आमच्या कंपनीनं एक चित्रपट काढायला घेतला. त्याचं नाव पुढं दोनदा बदललं, म्हणून इथं देत नाही. गोष्ट होती वऱ्हाडातल्या एका कापूस वेचणाऱ्या बाईची. दिग्दर्शक सदाशिवराव यांचा हट्ट होता की कापूस खरा हवा, माती खरी हवी आणि भाषाही खरी हवी. जागा शोधता शोधता ते मुकुटबनला येऊन पोचले. मी तिथलाच आहे हे मी कोणाला सांगितलं नाही. "यवतमाळकडचा" एवढंच म्हणालो होतो.

नायिकेचं काम विमलताईंकडे होतं. त्या कोल्हापूरकडच्या एका खेड्यातल्या. चेहरा असा की कॅमेरा त्यांच्यावरून हलायला तयार नसे. पण याआधीच्या त्यांच्या दोन्ही चित्रपटांत त्यांचा आवाज नव्हता. दोन्हीकडे शहरातल्या, शिकलेल्या मुलीची भूमिका, आणि तोंडात कोल्हापूर. मग स्टुडिओत कांताबाई नावाच्या अनुभवी बाईंनी पडद्यावरच्या विमलताईंच्या ओठांबरोबर आपला आवाज भरला. पहिला चित्रपट विमलताईंच्या आईनं तालुक्याला जाऊन बघितला, आणि घरी येऊन दोन दिवस ती लेकीशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तोंड तुझं हुतं. बोलत कोण हुतं?"

हे विमलताईंनी मला बैलगाडीत बसून सांगितलं, वणीहून येताना. म्हणाल्या, "ह्या वेळी माझाच आवाज पाहिजे."

सदाशिवरावांनी त्यांना स्पष्ट शब्द दिला होता. मुकुटबनला पंधरा दिवस काम. वारा, बैल आणि कॅमेऱ्याची घरघर यामुळे तिथला आवाज कच्चाच राहणार, पक्का आवाज नंतर पुण्यात भरायचा. पण पंधराव्या दिवशी कच्चा आवाज ऐकून ते ठरवणार. वऱ्हाडी जमली असेल तर विमलताई, नाही तर कांताबाई.

"यात वाईट काय आहे, बाई?" विठ्ठलराव त्यांची समजूत काढायचे. "या धंद्यात सगळ्यांचंच झाकून घ्यावं लागतं. एका नटाचं बोलणं असं की त्याला आम्ही प्रत्येक वाक्याला पाठमोरा केला. एकाच्या तोंडात सबंध चित्रपटभर विडा ठेवला. एकीला तर मुकीच करून टाकली, आणि तिचं कौतुक किती झालं म्हणता."

"मला मुकी व्हायचं न्हाई," विमलताई म्हणाल्या.

भाषा शिकवायला वणीच्या मुलींच्या शाळेतल्या इंदुताईंना बोलावलं. इंदुताई तिथल्याच शेतकरी घरातल्या, पण गेली वीस वर्षं पोरींची वऱ्हाडी खोडून शुद्ध मराठी लिहून घेणं हेच त्यांचं काम. त्या खुर्चीत ताठ बसल्या.

"तुम्ही घरी बोलता तसं बोला," सदाशिवराव म्हणाले.

"आम्ही घरीही शुद्धच बोलतो."

"बरं, शेजारी बोलतात तसं."

"शेजाऱ्यांनाही मी शुद्धच बोलायला लावते."

तेवढ्यात आम्ही उतरलो होतो त्या बंगल्याच्या मागच्या चुलीवरचं दूध वर आलं. इंदुताईंची भावजय वच्छलाबाई, त्यांच्या सोबतीला आलेली, तिथं उभी होती. इंदुताई खुर्चीतूनच ओरडल्या, "वयनी, दूध उतू जाऊन राह्यलं ना वं! कुठं ध्यान हाय तुमचं?" आणि परत वळून म्हणाल्या, "हं. तर आपण कुठं होतो?"

आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. पण मायक्रोफोन समोर धरला की पुन्हा 'मला' आणि 'तुला'. गावातल्या इतरांचंही तेच. कापूस वेचणाऱ्या बायका, पाटलाचा गडी बळीराम, दुकानदार, कोणीही घ्या. आपसात वऱ्हाडी खळाळत असायची, पण पुण्याचा माणूस समोर आला की कोणी पुस्तकातलं बोले, नाही तर सरळ हिंदी. "साब, क्या बोलना है, बोलो." परक्याशी आपल्या बोलीत बोलणं त्यांना उघड्या अंगानं उभं राहिल्यासारखं वाटे. सदाशिवरावांनी शेवटी मला पकडलं. "तू इकडचाच ना? तू बोल." मी तोंड उघडलं आणि माझ्याही तोंडून पुणंच बाहेर आलं.

चार दिवस असे गेले. विमलताईंनी 'ळ'चा 'य' करायला शिकून घेतला, 'मला'चं 'मले' केलं, शब्द सगळे पाठ केले. पण ऐकताना वाटे की कोल्हापूरनं वऱ्हाडचं लुगडं नेसलंय.

पाचव्या दिवशी सकाळी लालीबाई बंगल्यावर तूप घेऊन आली. एवढी तीस माणसं जेवतात म्हटल्यावर ती येणारच होती. मी व्हरांड्यात वायरी गुंडाळत होतो. तिनं मला पाहिलं आणि आमच्या बोलीत हाक मारली. "खेमा, बाटी खादो कांई?" भाकरी खाल्लीस का.

आजूबाजूला सगळे होते. मी अगदी पुणेरी मराठीत म्हणालो, "हो, झालं आहे माझं जेवण."

कळशी खाली ठेवून ती माझ्याच चढउतारात म्हणाली, "हो का? छान झालं हो. आपण कधी आलात?"

सदाशिवराव आत चहा पीत होते, ते कप घेऊन बाहेर आले. एवढं शुद्ध बोलणारी बाई इंदुताईच असणार म्हणून त्यांनी त्यांना शोधलं. इंदुताई तर वणीला गेलेल्या. मग त्यांनी लालीबाईकडे आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही माझी काकी," मी म्हणालो. "मी इथल्याच तांड्यातला आहे."

"मग इतके दिवस गप्प का होतास?" सदाशिवरावांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लालीबाईकडे वळले. "बाई, तुम्हाला वऱ्हाडी येते?"

"कोन्या घरची पायजे?" लालीबाईनं विचारलं.

तिनं तिथल्या तिथं तीन घरच्या तीन ऐकवल्या. पाटलीण नोकराला कशी बोलते, नवी सून सासूला कशी बोलते, आणि कापूस वेचणारी बाई दुसऱ्या ओळीतल्या बाईला कशी बोलते. विठ्ठलरावांनी मला खुणेनं टेपरेकॉर्डर सुरू करायला सांगितलं होतं. तो चालू असतानाही तिच्या बोलण्यात केसाएवढा फरक पडला नाही. मला त्या दिवशी कळलं की इथल्या लोकांना जे जमत नव्हतं ते हिला का जमत होतं. त्यांना ती बोली जन्मतः मिळाली होती, कधी बाहेरून ऐकावी लागलीच नव्हती. हिनं ती कुंपणाबाहेर उभं राहून ऐकून घेतली होती.

विमलताईंची शिकवणी त्याच दुपारी सुरू झाली. लालीबाईनं त्यांच्या हातातले संवादाचे कागद बाजूला ठेवले. "हे मंग. आधी म्हशी धुवू."

"म्हशी?" विमलताई म्हणाल्या.

"काहून, तुमच्याकडे म्हशी नाईत?"

"आहेत की. धा हुत्या आमच्याकडं."

"मंग धुता येते ना. चाल."

तीन दिवस, शूटिंग संपलं की विमलताई तांड्यावर. म्हशी धुणं, सरकी भिजवणं, चूल सारवणं. लालीबाई कामाचंच बोलायची आणि विमलताईंनी कामाचंच उत्तर द्यायचं. हात थांबला की शिकवणी थांबली. वाक्याची सुरुवात कशीही कर, शेवट कसा ओढायचा तेवढं ऐक, असं ती सांगे. गुलाबसिंग खाटेवर बसून बघायचा. "माह्या बायकोनं मले एवढं कधी शिकवलं नाई," तो म्हणायचा. त्यावर लालीबाई म्हणे, "तुमी कधी म्हैस धुतली का?"

नवव्या दिवशी तिनं जाहीर केलं की आता तूप विकायला जायचं.

मुकुटबनला सगळ्यांना सिनेमावाली बाई माहीत होती, म्हणून दोन कोसांवरचं एक खेडं निवडलं. सदाशिवरावांनी एक सकाळ मोकळी दिली. विमलताईंनी साधं लुगडं नेसलं, चेहऱ्याचा रंग पुसला. मी तुपाची कळशी उचलायला बरोबर. टेपरेकॉर्डर न्यायची मला बंदी होती. "तुही पेटी पाह्यली का बाया पुस्तक वाचतेत," लालीबाई म्हणाली.

तिचा हिशोब सोपा होता. कुंपणाबाहेरून विमलताईंनी हाक द्यायची. आतली बाई बाहेर आली आणि तिनं आधी "कोन्या गावची वं तू?" असं विचारलं, तर नापास. आधी तूप विचारलं, तर पास.

पहिल्या घरी नापास. दुसऱ्या घरी नापास. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, "तिकडची दिसतं तू. पंढरीकडची का?" विमलताईंचा चेहरा उतरला. लालीबाई दोन घरं मागं लिंबाखाली बसली होती. तिथं येऊन विमलताई म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं."

"हाक देतानी तू काय पाहतं?" लालीबाईनं विचारलं.

"आता बाई काय म्हणंल त्याचा विचार करते."

"म्हनून. तुपाचा इचार कर. तूप पातळ होऊन राह्यलं, ऊन चढून राह्यलं, आन अजून काई खपलं नाई. कोन काय म्हनंन त्याच्यापायी कोनी तूप विकते का?"

चौथ्या घरी बाईनं दारातूनच विचारलं, "तूप कसं देल्लं?" मी लिंबाखालून उठून कळशी त्यांना नेऊन दिली. पाचव्या घरीही तसंच. सहाव्या घरची बाई जाडजूड, जोंधळे निवडत बसलेली. तिनं तूप तळहाताच्या मागच्या बाजूला चोळलं, वास घेतला आणि विमलताईंच्या अंगावर आली. "मांगच्या बारीले तुमीच आल्ते ना? डालडा घातला व्हता त्याच्यात. लेकराचं पोट बिघडलं माह्या."

विमलताईंनी कळशी खाली ठेवली. मग त्यांनी तोंड सोडलं. "कोनं डालडा घातला वं? पाह्य ना, नीट पाह्य. मी आज पह्यल्यांदा आली तुह्या दारात. लेकराले काय काय चारतं तू आन नाव माह्या तुपाचं घेतं?"

"मले शिकवून राह्यली का?"

"शिकवून नाई राह्यली. सांगून राह्यली. नाई घ्यायचं त नोको घेऊ, पन माह्या म्हशीचं नाव खराब करू नोको."

शेजारच्या दोघी तिघी कुंपणाशी आल्या. त्यातल्या एकीनं विमलताईंची बाजू घेतली. पाच मिनिटं भांडण चाललं आणि शेवटी त्या जाड बाईनं अर्धा शेर तूप घेतलं. सबंध वेळात कोणी त्यांना गाव विचारलं नाही. विमलताई परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि त्या हसत होत्या.

लालीबाई मात्र रागानं उभी होती. "डालडा? माह्या तुपात? थांब, मी जातो तिकडे." मी तिला हाताला धरून गाडीत बसवलं. वाटेत राग निवळल्यावर ती म्हणाली, "पाहुनीशी कोनी भांडत नाई, खेमा. ते बाई भांडली ना हिच्याशी, म्हनजे घरची समजली."

पंधराव्या दिवशी संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात सदाशिवरावांनी कच्चा आवाज ऐकला. डोळे मिटून, दोनदा. मग विमलताईंना म्हणाले, "तुमचाच आवाज." विमलताई त्यांच्या पाया पडल्या आणि तिथून उठून तांड्यावर जाऊन लालीबाईच्या पाया पडल्या.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पक्का आवाज भरायचा होता तो पुण्यात, आणि चित्रपट कापून जोडून तयार व्हायला चार महिने गेले. मधल्या काळात विमलताईंनी दुसऱ्या दोन चित्रपटांत कामं केली.

आवाज भरायची पद्धत अशी असते. चित्रपटाचा एक छोटा तुकडा घेऊन त्याचं टोक टोकाला जोडतात, म्हणजे तेच दृश्य पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरत राहतं. अंधाऱ्या, बंद खोलीत नट मायक्रोफोनसमोर उभा राहतो, कानात स्वतःचा कच्चा आवाज ऐकतो आणि पडद्यावरच्या ओठांशी जुळवून तेच पुन्हा बोलतो. विमलताईंचे ओठ अचूक जुळत होते. पण बोली गेली होती. कच्चा आवाज कानात वाजत असूनही त्या त्याची नक्कल करत होत्या, आणि ऐकू येत होती ती नक्कलच. दोन दिवसांत चार तुकडेही पास झाले नाहीत. सदाशिवराव रागावले नाहीत, पण त्यांनी कांताबाईंना शनिवारी यायचा निरोप धाडला. प्रदर्शनाची तारीख ठरली होती.

तो सोमवार होता. मी भीत भीत सदाशिवरावांपाशी गेलो. "शनिवारपर्यंत काकीला आणलं तर?" "शनिवारी सकाळी अकरापर्यंत," ते म्हणाले. मी वणीला माझ्या शाळेतल्या मित्राला, पूनमसिंगला, तार केली. तो सायकल मारत तांड्यावर गेला. शुक्रवारी संध्याकाळी पुणे स्टेशनवर लालीबाई आणि गुलाबसिंग उतरले, तेव्हा तिच्या डोक्यावर तुपाचा डबा होताच. "इतके दिवस भांडन शिकवलं," गुलाबसिंग मला म्हणाला, "आता आनखीन काय राह्यलं?"

शनिवारी सकाळी कांताबाई आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पांढरं पातळ, हातात छोटी पर्स. लालीबाई खोलीत आली, अंधारात डोळे सरावू दिले आणि पडद्याकडे बघत राहिली. पडद्यावर विमलताई कापूस वेचत होत्या आणि दुसऱ्या ओळीतल्या बाईला काहीतरी सुनावत होत्या. पुन्हा तेच. पुन्हा तेच. खाली खऱ्या विमलताई मायक्रोफोनसमोर हात बांधून उभ्या.

"ते वरची बाई काम करून राह्यली," लालीबाई म्हणाली. "हे खालची काहून नुसती उभी हाय?"

विठ्ठलरावांनी समजावलं की इथं काही वाजलेलं चालत नाही. साधी बांगडी वाजली तरी आवाज मोजणारी सुई हलते.

"सूप देऊ का हातात?" लालीबाईनं विचारलं. विठ्ठलराव मान हलवायला लागले. मी तोवर उठलो होतो. आवाज भरायच्या खोलीत आवाज न करणारं काम कोणतं, याचं उत्तर आमच्या भागातल्या माणसाला सुचायला उशीर लागू नये. मी नियंत्रण खोलीतल्या खुर्चीची गादी उचलली आणि शिवण उसवली. आतला कापूस जुना, गाठी झालेला होता. बरंच झालं, वेगळा करायला काम पुरलं.

लालीबाईनं विमलताईंना जमिनीवर बसवलं, बांगड्या काढायला लावल्या, मांडीवर कापूस टाकला आणि स्वतः समोर बसली. मी मायक्रोफोन खाली आणला. विमलताई कापसाच्या गाठी सोडवायला लागल्या. लालीबाईही. पहिल्या दोन फेऱ्यांना कोणी काही बोललंच नाही. तिसऱ्या फेरीला लालीबाईनं आवाज न करता नुसते ओठ हलवले, मान जराशी वाकडी करून, अगदी शेजारच्या ओळीतल्या बाईसारखी. आणि विमलताईंनी उत्तर दिलं.

विठ्ठलराव सुईकडे बघत होते. सुई फक्त बोलण्याला हलत होती. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

ओठ किंचित चुकले होते, म्हणून आणखी दोन फेऱ्या झाल्या. मग तो तुकडा पास झाला. मग पुढचा. दुपारपर्यंत नऊ तुकडे झाले. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा सदाशिवराव नियंत्रण खोलीतून बाहेर आले आणि कांताबाईंपुढे उभे राहिले. बाईंना बोलावून सकाळभर बसवून ठेवलं होतं.

कांताबाईच उठल्या. "मला जी वाक्यं भरायची होती ती मी घरी म्हणून बघितली होती," त्या म्हणाल्या. "मला यातलं एकही असं जमलं नसतं. माझं इथं काम नाही." मग विमलताईंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, या वेळी तूच बोलतेस." आणि पर्स घेऊन निघून न जाता त्या जेवायला आमच्यातच बसल्या. लालीबाईनं आणलेलं तूप त्यांनी भातावर दोनदा घेतलं.

काम मंगळवारी संपलं. सबंध चित्रपटात विमलताईंचाच आवाज राहिला. तो चांगला चालला की नाही, हे मी इथं सांगत बसत नाही. विमलताईंना त्यानंतर कोणी दुसऱ्याचा आवाज लावला नाही, एवढं मात्र मी जवळून पाहिलंय. आणि मला आज विठ्ठलरावांच्या जागी बसायला मिळतं, ते मी ऐकायला शिकलो म्हणून. यंत्रं मला नागपूरनं शिकवली. ऐकायला मी शेण थापणाऱ्या हातांसमोर बसून शिकलो. हे उपकार मी लालीबाईसमोर बोलून दाखवले तर ती मलाच वेड्यात काढेल, म्हणून लिहून ठेवतोय.

बुधवारी आम्ही तिघांना घेऊन स्टेशनवर गेलो. तिघं म्हणजे लालीबाई, गुलाबसिंग आणि कांताबाईंनी भेट दिलेला एक पितळी डबा, जो गुलाबसिंग माणसासारखा जपत होता. गाडीला अवकाश होता. बाकावर बसल्या बसल्या लालीबाईनं विमलताईंना विचारलं, "तू तुह्या मायशी कशी बोलतं वं? मी ऐकलंच नाई कधी."

विमलताई इकडं तिकडं बघून, हळू आवाजात म्हणाल्या, "कशी म्हंजे? साधंच. 'आई, काय करालीस गं? जेवलीस न्हवं?' आनि आई म्हणती, 'तुझ्याबिगर कसली जेवती मी.'"

"आनखीन बोल."

विमलताई बोलत गेल्या. ऊसाचं, गुऱ्हाळाचं, धाकट्या भावाचं. आवाज हळूहळू मोठा झाला. पलीकडच्या बाकावरचा एक माणूस वळून बघायला लागला, तरी त्या थांबल्या नाहीत. लालीबाई डोकं खाली करून ऐकत होती. मग तिनं पहिलं वाक्य म्हणून बघितलं. "आई, काय करालीस गं?"

"शेवट एवढा वढायचा न्हाई," विमलताई म्हणाल्या. "तुमी वऱ्हाडागत वढलासा. तोडायचा."

"काय करालीस गं?"

"अजून तोडा."

गाडी फलाटाला लागली. गुलाबसिंग डबा घेऊन आधी चढला आणि खिडकीतून हाका मारायला लागला. लालीबाई पायरीवर एक पाय ठेवून पुन्हा तेच म्हणत होती, आणि विमलताई खाली उभ्या राहून तिला दुरुस्त करत होत्या.